चिखलावरची वहिवाट

भिंत पावसाळ्यात उभी राहिली. हे आधीच सांगून टाकते, कारण सगळी लबाडी तिथेच आहे.

आमच्या वाडीतून खाडीवर एक पाखाडी उतरते. जांभ्याच्या पायऱ्या, माणसांच्या पायांनी मधोमध झिजून पन्हळीसारख्या झालेल्या. खाली कडक पुळण, वाळूचा पट्टा. सुकती लागली, म्हणजे ओहोटीचं पाणी मागे हटलं, की पुळणीवरून चालत मधल्या रेवेवर, वाळूच्या उंचवट्यावर, जाता येतं. त्या रेवेत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, मिळतात. भात घरात आलं की वाडीतल्या बायका सुकतीची वेळ बघून उतरतात, उकिडव्या बसून कोयतीने वाळू उकरतात, टोपली भरली की डोक्यावर घेऊन वर येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी रत्नागिरीच्या बाजारात, कोणी हातखंब्याच्या नाक्यावर. माझी आई यातलीच. माझी शाळा आणि कॉलेज त्या टोपलीतून झालं, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही.

पावसात मात्र खाडीत कोणी उतरत नाही. पाणी गढूळ, तिसऱ्या पोचट, आणि बाया लावणीत वाकलेल्या. नेमक्या त्याच महिन्यांत पाखाडीच्या दोन्ही अंगांची जमीन घेतलेल्या मुंबईच्या एका शेठने चिऱ्यांची भिंत घातली आणि पाखाडीच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवलं. आत म्हणे रिसॉर्ट होणार. भात कापून झाल्यावर बाया टोपल्या घेऊन गेल्या, तर गेटला कुलूप आणि कुलपामागे राखणदार. आमच्याकडे राखणदार म्हणजे गावाच्या सीमेवरचा देव, त्याला लोक नारळ देतात. आम्ही बौद्ध, आम्ही कधी दिला नाही. हा राखणदार निळ्या गणवेशातला होता, राजापूरकडचा होता, आणि त्याला एकच वाक्य पढवलेलं होतं.

"वहिवाट मोडलीय. पाऊसभर एक माणूस इथून गेला नाय."

वहिवाट हा शब्द कोकणात पोराला पाटीवरच्या अक्षरांआधी कळतो. ज्या वाटेने लोक पिढ्यान् पिढ्या जातात ती वाट जाणाऱ्यांची, खालची जमीन कोणाच्याही नावावर असो. या एका शब्दापायी सख्ख्या भावांची डोकी फुटली आहेत. पण वहिवाट चालती पाहिजे. चालणं थांबलं की ती मोडली, असा शेठच्या माणसांचा दावा. म्हणजे आधी आम्ही शेतात आहोत हे बघून कुलूप लावायचं आणि मग विचारायचं, का गो बायांनो, आला का नाहीत?

मी पत्रकं लिहून लिहायला शिकले. रत्नागिरीत बायकांच्या हक्कांचं काम करणाऱ्या आमच्या गटात कॉलेजपासून आहे. एसटी स्टँडवर उभी राहून पत्रकं वाटली आहेत, वाटलेली चुरगळून पायाखाली गेलेलीही पाहिली आहेत. पत्रकात 'कदाचित' हा शब्द बसत नाही. बोलण्यातही माझ्या तो राहिलेला नाही. ग्रामसभेत उठले आणि म्हटलं, "ही चोरी आहे. भिंत पाडा."

सरपंच हसले. "चोरी बिरी बोलू नको. वहिवाट चालू असल्याचं दाखव, मी स्वतः येतो कुलूप काढायला."

"कुलूप असताना चालू कशी दाखवायची?"

"ते तू बघ. शिकलेली हायस ना?"

सभा हसली. त्या हसण्यात आमच्या वाडीतले चार पुरुषही होते, हे मी विसरलेले नाही.

आता रेवेवर जायला एकच वाट उरली. वाडीच्या दुसऱ्या अंगाला जुनी तर, माणसं पलीकडे नेणारी होडी, लागायची, तिथून. ती बंद पडली, तिथे आता गाळ साठलाय. काळा, मऊ, तळ नसलेला. आई तिकडून गेली. मी रत्नागिरीत होते, नाहीतर जाऊ दिलं नसतं. मांडीपर्यंत रुतली, पाय ओढून काढताना गाळात दडलेल्या कालवांच्या शिंपेने टाच उभी चिरली. रांगत परत आली. पुढे कितीतरी दिवस पाय उशीवर ठेवून पडवीत बसून होती. माझी आई बसलेली मला बघवत नाही. ती बसली की घराचा आवाज जातो. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारायची, "सुकती कधीची हाय गो आज?" जायचं तर नव्हतंच. तरी विचारायची.

अशाच एका दुपारी मी मोबाईल बघत तिच्याजवळ बसले होते. परदेशातली एक बाई पायाला दोन लांब पट्ट्या बांधून बर्फावरून सूं सूं घसरत चालली होती. आई वाकून बघायला लागली.

"ही बुडत कशी नाय गो?"

"तिच्या पायाला फळ्या आहेत आये. स्की म्हणतात. वजन पसरतं, म्हणून रुतत नाही."

"आणि ह्यो बर्फ मऊ असतो?"

"असतो की."

"मंग चिखल काय वायला?"

मी तिच्याकडे बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. लहानपणी आम्ही पोफळीच्या विरीत बसून एकमेकांना ओल्या मळीच्या चिखलावरून ओढायचो. पोफळीच्या झावळीचा तो रुंद देठ, बशीसारखा. चिखलात पाय रुतायचा, विरी रुतायची नाही. हे मला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि कोणी पायाला बांधून बघितलं नव्हतं.

खाडीपलीकडे होड्या बांधणारे एक चाचा आहेत. त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो पुन्हा पुन्हा बघितला, त्यातही बाई आपटते तो भाग जास्त वेळा.

"ही तर पायात घालायची होडी झाली," ते म्हणाले. "होडी मना शिकवू नको. परवा ये."

परवा गेले. जोडी देखणी होती. रंधा मारलेली, करंजाचं तेल पाजलेली, पुढचं टोक होडीच्या नाळेसारखं वर वळलेलं. आणि जन्मभर होड्याच बांधलेल्या माणसाने प्रत्येक फळीच्या तळाला मधोमध होडीसारखा कणा, म्हणजे उभी पट्टी, ठोकलेला.

"हा कशाला चाचा?"

"कण्याशिवाय होडी आडवी होते. तू होडी बांधलीस का मी?"

पहिली चाचणी जुन्या तरीवर झाली. आई पडवीतून उठून लंगडत काठावर आली होती. शेजारची काकीही आली. काकी म्हणजे वाडीतलं सगळ्यांत वजनदार माणूस, देहाने आणि तोंडानेही. मी फळ्यांवर उभी राहिले, पाय रबरी पट्ट्यांत अडकवले, हातात बांबू घेतला आणि ढकललं.

रुतले नाही, हे खरं. पण त्या कण्याने चिखलात असा चर पाडला की फळ्या रुळावरून निघाल्यासारख्या सरळ निघाल्या. रेव डाव्या हाताला, मी नाकासमोर. वळायला गेले तर फळ्या वळल्या नाहीत, मीच वळले, कमरेतून.

"अगो, खंय चाललीस?" काकी ओरडली. "तिकडं अरबस्तान हाय!"

मग मी पडले. तोंडावर. चाचा काठावरून म्हणाले, "बघ, आडवी न्हाय झाली. सरळच पडली."

दुसरी जोडी कण्याशिवाय करायला चाचा आठवडाभर तयार नव्हते. त्यांच्या दृष्टीने कणा नसलेली वस्तू म्हणजे पाट, आणि पाट करायला सुतार पुरतो. शेवटी आईने निरोप धाडला, "चाचाला सांग, मला समुद्रात जायचं नाय. मला वळायचं हाय." तेव्हा त्यांनी एका मोडक्या होडीच्या बाजूच्या फळ्या उतरवल्या. वर्षानुवर्षं खारं पाणी प्यायलेलं लाकूड, आता नव्याने फुगायचं नव्हतं. तळ सपाट केला, फळ्या रुंद घेतल्या, नाळ तेवढी राखली. टाच मोकळी ठेवली. टाच आधी उचलली की फळीखाली हवा शिरते आणि चिखल सोडतो. हे मला पडून पडून कळलं. चाचा म्हणतात, त्यांना आधीच माहीत होतं.

मग आम्ही त्या जोडीचे हाल केले. मला टिकाऊ म्हणजे टिकाऊच पाहिजे होतं. आमच्या वाडीला आजवर सरकारी नळापासून समाजमंदिराच्या दारापर्यंत जे जे मिळालं ते उद्घाटनाच्या दिवशीच धड होतं. ती जोडी आम्ही तिवराच्या मुळांना बांधून उधाणाच्या भरतीखाली ठेवली. कालवांच्या खडकावरून दोरीने फरफटत नेली. उन्हात वाळवली, पुन्हा भिजवली. शेवटी काकीला म्हटलं, "काकी, यावर उभी राहून उड्या मार."

"माझी चेष्टा करतंस?"

"नाही. तू मोडली नाहीस तर कोणीच मोडणार नाही."

काकीने पदर खोचला आणि जोत्याच्या दोन चिऱ्यांवर आडव्या टाकलेल्या फळीवर धाडधाड उड्या मारल्या. फळी वाकली, करकरली, परत सरळ झाली. काकी घामाघूम. "मोडली नाय मेली," ती म्हणाली, आणि मला वाटतं तिला थोडं वाईटही वाटलं.

आईची टाच भरून आली होती. ती फळ्यांवर उभी राहिली तेव्हा मी काठावरून सूचना देत होते. गुडघे वाक, बांबू मागे, टाच आधी. तिने ऐकलं का माहीत नाही. दोनदा डळमळली, मग लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि निघाली. पाय न उचलता, अंगण सारवताना हात फिरतो तशी. काळ्या गाळावर तिच्यामागे दोन चकचकीत रेघा उमटत गेल्या. रेवेवर पोचल्यावर ती वळली आणि दोन्ही हात वर केले. तिने हात असे वर केलेले मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. मोर्चात मी तिला न्यायचे तेव्हाही ती हात छातीपर्यंतच उचलायची.

आणि नेमकं तेव्हाच मागून टाळ्या वाजल्या. सरपंच. मोबाईलवर शूटिंग करत.

"वा! एक नंबर! आता कसं, वादच मिटला. पाखाडीची गरजच उरली नाय. मी शेठना दाखवतो. ते चार जोड्या करूनसुद्धा देतील वाडीला."

आम्ही घाम गाळून, तोंडावर पडून, जोडी टिकाऊ केली होती ती यासाठी? ती मोडली असती तर बरं, असं मला त्या क्षणी वाटलं. उत्तम चालणारी वस्तू आमच्याच विरुद्ध साक्ष देणार होती.

संध्याकाळी मी आईला म्हटलं, "उद्यापासून या वापरायच्या नाहीत."

"का?"

"त्या वापरल्या तर भिंत कायमची राहील. म्हणतील, यांची सोय झाली. आपली वाट हक्काची आहे, आपण चिखलातून का जायचं?"

आई चुलीपुढे होती. वळली नाही. "तुला भिंत पाडायची हाय. मला तिसऱ्या काढायच्या हायत. तुझी भिंत पडेपर्यंत मी पडवीत बसू?"

यावर मी बरंच बोलले. आत्मसन्मान वगैरे. आईने भाकरी उलटली आणि म्हणाली, "तुझं पत्रक झालं असंल तर जेव." मी रागाने जेवले. पण जेवले.

दुसऱ्या दिवशी सुकतीला आम्ही तिघी निघालो. चाचांनी तोवर आणखी दोन जोड्या केल्या होत्या, आणि काकी म्हणत होती, मोडली नाय ती माझी. मी जाणार नव्हते. पण दोघींना गाळात एकटं सोडून काठावर तत्त्वं सांभाळत बसणं माझ्याने झालं नाही. आम्ही रेवेवर पोचलो, टोपल्या भरल्या. बऱ्याच दिवसांत कोणी हात न लावलेली रेव, तिसऱ्या नुसत्या भरभरून लागल्या. आई वाळूशी काहीतरी पुटपुटत होती, शेजारणीशी बोलावं तशी.

वारा फिरला. भरती लागली. रेवेच्या कडेने पाणी चाटत चढायला लागलं. आता गाळावरून जुन्या तरीकडे परत जायचं, भरल्या टोपल्या डोक्यावर घेऊन, खाली सरकत्या फळ्या. याचा विचार आम्ही केलाच नव्हता. साऱ्या चाचण्या रिकाम्या डोक्याने झाल्या होत्या.

काकीने टोपली उचलली, गाळाकडे बघितलं, मग उलट्या बाजूला बघितलं. कडक पुळण तिथून चार पावलांवर होती, आणि पुळणीच्या वर झिजक्या पायऱ्या.

"मी काय परत गाळातनं जायची नाय," ती म्हणाली. "ती बघ आपली पाखाडी."

"काकी, वर गेट आहे. कुलूप आहे."

"कुलूप आत यायला हाय गो. आपण तर आतच हाव."

साऱ्या भांडणात मला हे सुचलं नव्हतं. शेठने जमिनीकडून भिंत घातली होती. खाडीकडून घातली नव्हती, कारण तिकडून गाळ होता, आणि गाळातून माणूस येत नाही हे तो धरून चालला होता. वाट वरून खाली जाते एवढंच त्यालाही दिसलं होतं आणि मलाही.

आम्ही पुळणीवर आलो, फळ्या काढून काखेत मारल्या आणि पाखाडी चढलो. काकीने काखेत मारल्या नाहीत, एका दोरीला बांधून मागे ओढत आली. पायऱ्यापायऱ्यांवर खडाक, खडाक. त्या आवाजाने राखणदार धावत आला आणि आम्हाला बघून थबकला. त्याची पाठ गेटाकडे, तोंड आमच्याकडे. असं उभं राहायची त्याला सवय नव्हती.

"तुमी... आत कुठनं आलात?"

"खाडीतनं," आई म्हणाली. "गेट उघड. घरी जायचं हाय."

"इथनं वाट नाय. आल्या वाटेनं परत जावा."

"भरती लागलीय बाबा."

"मला काय म्हाईत नाय. शेठनी सांगितलंय."

काकीने टोपली खाली ठेवली. पदराने तोंड पुसलं. "शेठला फोन लाव. सांग, तीन बायका तुझ्या आवारात हायत, त्यांना पाण्यात ढकलू का? ढकल म्हणाला तर आमी जातो. पण तूच ढकलायचंस हां. ये, आधी मला ढकल."

त्याने काकीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मी मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं होतं, तेही बघितलं. त्याच्या मागे गेटपलीकडे वाडीतली माणसं जमायला लागली होती. खडाक खडाक सगळ्यांनी ऐकलं होतं.

"मावशे, माझी नोकरी जाईल," तो हळूच म्हणाला.

"नाय जायची," आई म्हणाली. "तुला आत येणाऱ्यांना अडवायला ठेवलंय. आमी भायेर जातोय."

त्याने कुलूप काढलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. खालून यायचं, वर चढायचं, आतून गेट ठोकायचं. वाडीतल्या आणखी बाया आल्या, चाचांच्या अंगणात फळ्यांचा ढीग लागला. सरपंच एकदा स्वतः गेटवर आले आणि म्हणाले, "ही कसली वहिवाट? वहिवाट जायची असते."

"यायची पायरी आणि जायची पायरी वायली असते काय?" आई म्हणाली. "रोज चढतो आमी. तुमीच म्हणालेलात, चालू दाखवा. घ्या, शूटिंग करा. त्या दिवशी केलंत तसं."

त्यांनी केलं नाही. कुलूप काढायला स्वतः येतो म्हणाले होते, त्यासाठी मात्र आले नाहीत. त्यांनी आलंच पाहिजे असं मी अजून प्रत्येक ग्रामसभेत उठून म्हणते, आणि सभा आता पूर्वीइतकी हसत नाही.

भिंत अजून उभी आहे. जिंकलो असं मी लिहिणार नाही, खोटं लिहायला मी काही रिसॉर्टची जाहिरात करत नाहीये. पण रोज कुलूप काढून राखणदार कंटाळला. आता सुकतीच्या वेळी ते नुसतं कडीत लटकलेलं असतं, उघडं. बाया वरूनही जातात. तरी फळ्या कोणी टाकून दिलेल्या नाहीत. पुन्हा कुलूप लागलं तर खाडी आहेच.

मागच्या आठवड्यात चाचा आपल्या जोड्या तपासायला आले. काकीची जोडी उलटी करून तळावर अंगठा फिरवला. तळ खरवडून पांढरा पडला होता, नाळेचं टोक बोथट झालेलं.

"कालवांनी खाल्लं," ते म्हणाले. "अजून जाड फळी पायजेल होती."

"कालवांनी नाय ओ चाचा," काकी म्हणाली. "पाखाडीनं. मी अजून ओढतच आणते."

"उचलून आणायला काय होतं?"

"उचलली तर आवाज कसा होईल?"